वास्तव्याच्या खुणा

आमच्या घरात कोणीही राहत नाही असा पालिकेचा निष्कर्ष आहे, हे मला कळलं तेव्हा मी घरातच होतो.

तपासनीस बाईंनी तो निष्कर्ष माझ्यासमोर, उभ्या उभ्या लिहिला. 'मालकाच्या प्रत्यक्ष वास्तव्याच्या खुणा आढळल्या नाहीत.' लिहिताना त्या मला म्हणाल्या, "जरा बाजूला होता का? उजेड अडतोय." म्हणजे उजेड अडवण्याइतपत मी अस्तित्वात होतो. नियमाला ते पुरेसं नव्हतं.

नियम नवा होता. काही हुशार मंडळींनी शहरातली घरंच्या घरं विकत घेऊन पाहुण्यांना दोन-दोन, चार-चार दिवसांसाठी द्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे शहर बघायला येणाऱ्यांची उत्तम सोय झाली आणि शहरात राहणाऱ्यांना घर मिळेनासं झालं. तेव्हा पालिकेनं ठरवलं की यापुढे घरात असे पाहुणे ठेवायचे तर परवाना लागेल, आणि मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराला तो मिळेल. परवाना नसेल तर महिनाअखेरीला ॲपवरून त्या घराचं पान बंद.

नियम वाचून बायको म्हणाली, "आपला काही प्रश्नच नाही. आपण राहतोच."

मीही निर्धास्त होतो. त्या घरात आम्ही सव्वीस वर्षं राहत होतो. इतक्या वर्षांत आयुष्यात बाकी काही धड जमलं नसेल, पण राहणं जमलं होतं, अशी माझी समजूत होती.

बायको एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसायची. गोंधळलेली माणसं हातात पिशव्या घेऊन यायची आणि ही त्यांना कुठल्या मजल्यावर, कुठल्या दारातून, कोणाला भेटायचं ते सांगायची. हे काम तिला इतकं आवडायचं की रस्त्यात कोणी नुसता इकडेतिकडे बघत उभा राहिला तरी ती थांबून त्याला विचारायची, "कुठं जायचंय?" मग इस्पितळानं तिच्या जागी एक पडदा बसवला. बोट लावलं की तो सगळं सांगतो. बायको घरी आली. त्याच सुमाराला मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. पहिले काही महिने बायको घरात मलाच रस्ता दाखवत होती. मी पाणी प्यायला उठलो की म्हणायची, "सरळ जाऊन डावीकडे." स्वयंपाकघर खरोखरच सरळ जाऊन डावीकडे आहे, त्यामुळे मला वादही घालता येईना.

मुलीची रिकामी खोली तिनं पाहुण्यांसाठी ॲपवर टाकली आणि तिचा जीव परत जागेवर आला. पुन्हा हातात पिशव्या घेऊन गोंधळलेली माणसं दारात येऊ लागली. पुन्हा ती त्यांना सांगू लागली की बस कुठून मिळते, कुठल्या दुकानातला पाव ताजा असतो आणि आमच्या जिन्याची शेवटची पायरी उंच आहे, जपून. तिच्या आवाजात इस्पितळाच्या खिडकीतली ती जुनी खणखणीत खात्री परत आली. परवाना तिला हवा होता तो यासाठी. परवाना नाही म्हणजे माणसं नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणजे पुन्हा एकटा मी, सरळ जाऊन डावीकडे.

सगळा घोळ अभिप्रायांनी केला. पाहुणे गेल्यावर ॲपवर अभिप्राय लिहितात आणि घराला तारे देतात. बायको ते अभिप्राय डॉक्टरच्या चिठ्ठीसारखे घ्यायची. शंका काढायची नाही, ताबडतोब अंमलात आणायचे.

पहिल्यांदा एकानं लिहिलं, 'यजमानीणबाई फार प्रेमळ. हॉलमधली खुर्ची मात्र डोळ्यांना खुपते.'

ती खुर्ची माझी होती. खिडकीजवळ असायची. तिचा डावा हात ढिला होता, बैठकीत माझ्या आकाराचा खड्डा होता आणि तिच्यात बसताना उजवीकडे रेलून बसावं लागायचं, नाहीतर ती मागच्या मागे जायची. मला ते अंगवळणी पडलं होतं. संध्याकाळी तिच्यात बसून डोकं मागे भिंतीला टेकवलं की दिवस संपला असं मला वाटायचं. तशी सूचना शरीराला दुसऱ्या कुठल्याही फर्निचरमधून मिळत नाही. ती खुर्ची मागच्या अडगळीच्या खोलीत गेली आणि तिच्या जागी एक उंच कुंडी आली. कुंडीत बसता येत नाही.

मग कोणीतरी लिहिलं, 'भिंतीवरून एक गृहस्थ रागानं बघतात.' ते माझे वडील. ते रागावलेले नव्हते, त्यांचा चेहराच तसा होता. पण अभिप्रायाशी भांडता येत नाही. वडील कपाटावर गेले.

'बाथरूममध्ये दुसऱ्यांचे टूथब्रश बघून कसंसंच झालं.' तेव्हापासून माझा टूथब्रश शर्टाच्या खिशात असतो, पेनाच्या शेजारी. बँकेत एकदा मी त्यानं सही करायला निघालो होतो.

आणि शेवटी एका जोडप्यानं लिहिलं, 'सगळं छान. फक्त यजमान सारखे घरात दिसतात.'

त्यानंतर आम्ही दिसेनासे झालो. आम्ही अडगळीच्या खोलीत राहायला गेलो. मागच्या दारानं ये-जा करू लागलो. कपडे सुटकेसमध्ये, अंथरुणं घडी करून कपाटामागे, चहा प्यायल्याबरोबर कप धुवून, पुसून जागेवर. पाहुणे नसले तरी असंच, कारण उद्या अचानक कोणी आलं तर? घराला पाचपैकी पाच तारे मिळाले. ॲपनं बायकोला एक प्रशस्तिपत्र पाठवलं. ते लावायला भिंत नव्हती, कारण भिंतीवर आता फक्त गवताच्या एका पात्याचं मोठं चित्र शोभत होतं.

या घरात तपासनीस बाई आल्या.

त्या पन्नाशीच्या, पायांनी दमलेल्या आणि डोळ्यांनी अजिबात न दमलेल्या बाई होत्या. आल्या आल्या त्यांनी हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, कपाट उघडलं. कपाटात एका दिशेला तोंड केलेले रिकामे हँगर होते. बायकोनं दार उघडून दिलेल्या बाथरूममध्ये वेष्टनातले छोटे साबण. फ्रिजमध्ये प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठी 'कृपया'नं सुरू होणारी.

"मालक कुठं राहतात?" बाईंनी विचारलं.

"इथंच," मी म्हणालो. "मीच मालक."

"कशावरून?"

मी वीजबिलं आणली, घराचे कागद आणले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कागद सगळ्यांकडे असतात. परवा एकानं सात घरांचे कागद दाखवले. सातही घरांत तो राहतो म्हणाला. नियमात 'प्रत्यक्ष' असा शब्द आहे. तुम्ही झोपता कुठं?"

आम्ही त्यांना अडगळीच्या खोलीत नेलं. तिथं पाहुण्यांच्या रजयांचे ढीग, इस्त्रीचं टेबल आणि माझी खुर्ची होती. अंथरूण घडी करून कपाटामागे सरकवलेलं होतं, म्हणजे नव्हतंच.

"ही अडगळीची खोली आहे," बाई म्हणाल्या.

"हो. आम्ही इथंच राहतो," बायको अभिमानानं म्हणाली.

बाई हॉलमध्ये परतल्या आणि तिथल्या नव्या कपाटाचे ड्रॉवर एकेक करून उघडले. सगळे अलगद उघडले. एकात शहराचे नकाशे, एकात सुईदोऱ्याच्या छोट्या पुड्या, एकात काहीच नाही. बाईंनी मान हलवली.

"मी पुष्कळ घरं बघितलीत. माणूस राहतो तिथं एक तरी ड्रॉवर असा असतो की जो उघडत नाही. तुमचे सगळे उघडतात."

"तेल घालते मी," बायको म्हणाली.

"तेच म्हणतेय मी."

मग त्यांनी समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथं नव्यानं राहायला आलेल्या शेजारणीला आमच्याकडे बोट करून विचारलं, "हे दोघं या घरात राहतात का?"

शेजारणीनं आम्हाला नीट न्याहाळलं. "नाही हो. हे साफसफाईला येतात. मागच्या दारानं. पण काम फार चांगलं आहे यांचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं झालं भेटलात. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा याल का?"

बायकोला राग यायच्या आधी आनंद झाला, हे मी बघितलं.

त्यानंतर तो निष्कर्ष लिहिला गेला, मी उजेड अडवला वगैरे. जाताना बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा येते. तेव्हाही असंच असेल तर नामंजूर. आणि सांगून ठेवते, एकदा नामंजूर म्हणजे कायमचं."

रात्री बायको जेवली नाही. मी मात्र जेवलो. प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन घास जास्तच गेले. पान बंद झालं की पाहुणे बंद, पाहुणे बंद झाले की कुंडी बाहेर आणि माझी खुर्ची आत. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेही लवकरच खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी बायको उठली ती कामाला लागली.

"घर राहतं दिसलं पाहिजे," ती म्हणाली. "पसारा करायचा."

"कर की."

"मला येत नाही आता. तुम्ही करा."

मी सोफ्यावर वर्तमानपत्र टाकलं. ती लांबून बघत होती. पुढं आली आणि तिनं वर्तमानपत्राची कड सोफ्याच्या कडेला समांतर केली. मी एक मोजा जमिनीवर टाकला. तिनं त्याच्या शेजारी दुसरा ठेवला. दोन तास आम्ही पसारा करत होतो. शेवटी हॉल पूर्वीपेक्षा जास्त नीटनेटका झाला.

"आपल्याकडे सामानच नाही राहण्याचं," बायको हताश होऊन म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "दादाकडे आहे."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. त्या घरात माणूस राहतो का, हा प्रश्न कोणत्याही तपासनिसाला पडला नसता. माणूस सोडून आणखी काय काय राहतं, असा पडला असता. आम्ही रिकाम्या पिशव्या घेऊन तिथं गेलो.

"पसारा उसना हवाय?" वहिनी दारातच म्हणाल्या. "वन्सं, म्हणजे आमचं घर घाण आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही हो वहिनी. राहतं आहे."

"राहतं म्हणजे?"

"जिवंत," बायको म्हणाली. "भरलेलं. बघूनच कळतं की इथं माणसं आहेत."

वहिनींचा राग जावा की यावा हे त्यांचं त्यांनाच ठरेना. दादा मात्र खूश झाला. आयुष्यभर ज्याबद्दल बोलणी खाल्ली ती गोष्ट मागायला कोणीतरी आलं होतं.

"चिमे, पाहिजे ते ने," तो बायकोला म्हणाला. "जावईबापू, तुम्ही तो कोपरा बघा. तिथं चांगला माल आहे."

आम्ही निवडून माल घेतला. विटलेला टॉवेल, पिळून संपवलेली पेस्टची नळी, कशाचाच नसलेला चार्जर, गुंतलेल्या वायरी, काडी मोडलेला चष्मा, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं आणि औषधांचा एक डबा. औषधांवर बायको विशेष खूश होती. "औषधं असली की माणूस आहे हे सिद्धच होतं," ती म्हणाली. इस्पितळाचा अनुभव.

तपासनीस बाई आल्या तेव्हा हॉल सजलेला होता. विटलेला टॉवेल सोफ्याच्या पाठीवर तिरका टाकलेला, पण मुद्दाम तिरका. वायरींचा गुंता टेबलाच्या बरोबर मध्यभागी, फुलदाणीसारखा. बाईंनी टॉवेल दोन बोटांनी उचलला, खाली ठेवला. त्या वळताच बायकोनं तो पुन्हा तिरका केला. बाईंनी वळून बघितलं. बायकोनं हात मागे घेतले.

मग बाईंना औषधांचा डबा दिसला. त्यांनी एक बाटली उचलून वाचली.

"हे नाव कोणाचं?"

आम्ही दोघं एकदम बाटलीवर वाकलो. बाटलीवर दादाचं नाव होतं. सगळ्याच बाटल्यांवर होतं. त्याच्या चष्म्याच्या डबीवरही होतं. वहिनी नावं घालतात. तेवढी एकच गोष्ट त्या घरात शिस्तीत होते.

"म्हणजे इथं तिसराच माणूस राहतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "मालक राहत नाहीत, पाहुण्यांना द्यायचं म्हणून परवाना मागतात, आणि वर भाडेकरू ठेवलाय. हे तर आणखी वाईट."

"तो माझा भाऊ आहे!" बायको म्हणाली. "तो इथं राहत नाही. त्याची फक्त औषधं राहतात."

स्वतःचं वाक्य ऐकून तीच थांबली.

बाईंनी पेन काढलं. बायको हॉलच्या मध्यभागी उभी होती, दोन्ही हात पुढे एकावर एक ठेवून. इस्पितळाच्या खिडकीत अशीच बसायची. समोर खिडकी नव्हती, एवढाच फरक. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती बाईंना म्हणाली, "उतरताना जपा हं. शेवटची पायरी उंच आहे. आणि तुमचे पाय दुखतायत ना? कोपऱ्यावरून बस मिळेल, चालत जाऊ नका."

आपलं पान कायमचं बंद करायला निघालेल्या बाईला ती बस कुठं मिळते ते सांगत होती. मला खुर्ची आठवली. मग ती आठवणच मला नकोशी झाली.

"मॅडम," मी म्हणालो, "उभ्यानं कशाला लिहिता? बसून लिहा ना."

बाईंनी सोफ्याकडे बघितलं. सोफ्यावर इतक्या उशा होत्या की माणसाला बसायला जागा नव्हती. "कुठं बसू?"

घरात माणसानं बसावं अशी एकच वस्तू होती. मी त्यांना अडगळीच्या खोलीत नेलं. बाई हुश्श करून खुर्चीत टेकल्या, पॅड मांडीवर घेतलं, आणि बसायची पद्धत सांगायला मी तोंड उघडतो न उघडतो तोच खुर्ची मागच्या मागे गेली. बाई पाहुण्यांच्या रजयांच्या ढिगात उताण्या पडल्या. लागलं कुठंच नाही. पॅड मात्र इस्त्रीच्या टेबलाखाली गेलं.

बायको धावत आली. बाईंना उठवता उठवता माझ्यावर तुटून पडली.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला! ही खुर्ची एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल!"

"उजवीकडे रेलून बसायचं असतं," मी म्हणालो. "बसायची एक पद्धत असते."

"पद्धत! खुर्चीला पद्धत, बाथरूमच्या दाराला पद्धत, नळाला पद्धत! तो नळ बारा वर्षं 'रविवारी बघतो' म्हणताय!"

"बघितला होता मी नळ."

"हो ना! तुम्ही बघितल्यावरच गळायला लागला तो!"

"आणि तू काय केलंस? खाली चिंधी बांधलीस आणि पुढे झाडाची कुंडी लावलीस!"

"लावीन नाही तर काय करीन? तुम्ही केलेलं झाकण्यात माझा जन्म गेला! या, या मॅडम, दाखवते तुम्हाला!" तिनं बाईंचा हात धरून त्यांना हॉलमध्ये ओढलं आणि गवताच्या पात्याचं चित्र भिंतीवरून उतरवलं. मागे भिंतीवर ताटाएवढा तेलकट डाग होता. "हे यांचं डोकं! इतकी वर्षं रोज संध्याकाळी भिंतीला टेकलेलं! तीनदा रंग दिला, तीनदा वर आलं!"

"मग गालिचाही उचल ना!" आता मीही पेटलो होतो.

"खबरदार!"

मी गालिचा उचलला. खाली लाकडी जमिनीवर काळाकुट्ट डाग होता, हुबेहूब इस्त्रीच्या आकाराचा. "ही इस्त्री कोणी ठेवली होती खाली? आणि फोनवर कोण होतं? वहिनी! पाऊण तास!"

"शर्ट तुमचा होता! मुलाखतीला जायचं होतं तुम्हाला!"

"गेलोच नाही मी!"

"का नाही गेलात? तेच विचारते मी आजपर्यंत!"

"शर्ट जळला होता!"

एवढ्यात बाथरूमचं दार ढकलल्याचा आवाज आला. बाई दाराशी झगडत होत्या.

"याची पद्धत काय?" त्यांनी विचारलं.

"उचलून ढकला," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

बाईंनी दार उचलून ढकललं. उघडलं. त्यांनी आत जाऊन नळाखालची चिंधी बघितली, बाहेर आल्या आणि इस्त्रीच्या टेबलाखालून स्वतःचं पॅड काढून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला होता. "चालू द्या," त्या म्हणाल्या. "फक्त एकेक घ्या. इस्त्री आधीची की नळ आधीचा?"

नेमका त्याच वेळी दादा दारात उभा राहिला. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "चिमे, माझी दुपारची गोळी त्या डब्यात गेली. ही घरात मला खाऊ की गिळू करतेय."

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"औषधांचा मालक," मी म्हणालो.

"औषधं उसनी आणली होती यांनी," दादानं समजावून सांगितलं. "टॉवेलही. माझंच सगळं, पण वापरा, घाई नाही. फक्त गोळी द्या."

बाईंनी त्याच्याकडे, मग टॉवेलकडे, मग आमच्याकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरातून पसारा उसना आणणारी माणसं त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच भेटत असावीत. त्यांनी पॅडवरचा वरचा कागद काढून त्याची घडी केली आणि ती पर्समध्ये टाकली. मग हळू आवाजात, डॉक्टर विचारतो तसं विचारलं, "न उघडणारा ड्रॉवर आहे?"

"तिसरा!" मी आणि बायको.

"कुठं आहे?"

जुनं ड्रॉवरचं कपाट बायकोनं पाठमोरं करून, वर चादर घालून, त्यावर दिवा ठेवून त्याला कोपऱ्यातलं टेबल केलं होतं. दादानं आणि मी ते वळवलं. तिसरा ड्रॉवर बाईंना उघडेना. बायकोनं पुढं होऊन खालून गुडघा मारला आणि डावीकडे हिसका दिला. तो इतक्या जोरात उघडला की निम्मा माल जमिनीवर आला. कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या, संपलेले सेल, दोऱ्याचे तुकडे, लग्नानंतर दर काही वर्षांनी काढलेले माझे पासपोर्टचे फोटो, एकेका फोटोत केस कमी कमी होत गेलेले. आणि एक लांब स्क्रू.

"अगं, हा खुर्चीचा स्क्रू!" मी ओरडलो. "हातातला! किती वर्षं शोधतोय मी हा! दे, आत्ता बसवतो."

"हात लावू नका," तपासनीस बाई म्हणाल्या. "दुरुस्ती म्हणजे पुरावा नष्ट करणं."

त्यांनी सोफ्यावरच्या सगळ्या उशा खाली ढकलल्या आणि बसून नव्या कागदावर बराच वेळ लिहिलं. परवाना मंजूर झाला. त्याला अटी होत्या. भिंतीवरचा डाग उघडा ठेवावा. गालिचा गुंडाळून ठेवावा. मालकाची खुर्ची मूळ जागी, मूळ अवस्थेत ठेवावी आणि मालकानं ती नियमित वापरात ठेवावी. तपासणी कधीही, न कळवता होईल.

"नियमित म्हणजे?" मी विचारलं.

"मी येईन तेव्हा तुम्ही तिच्यात दिसलात म्हणजे झालं."

"तुम्ही कधी येणार?"

"तेच तर सांगायचं नाही."

बायकोनं त्यांना जिन्यापर्यंत सोडलं, शेवटच्या पायरीची आठवण केली आणि वर येऊन कुंडी स्वतः उचलून बाहेर ठेवली. मी खुर्ची खिडकीजवळ आणली, उजवीकडे रेलून बसलो, डोकं मागे टेकवलं. डोकं बरोबर डागावर बसलं.

याला आता तीन महिने झाले. एक तारा अर्धा झाला. नवा अभिप्राय आला आहे : 'हॉलमध्ये खुर्चीत एक गृहस्थ असतात. निरुपद्रवी आहेत.' वडिलांनाही बायकोनं भिंतीवर परत लावलं. आम्ही बापलेक मिळून आता पाहुण्यांकडे बघतो. जी खुर्ची मिळावी म्हणून मी जीव टाकला तिच्यातून मला उठता येत नाही, एवढीच काय ती अडचण. बेल वाजली की बायको आतून ओरडते, "अहो, बसा!" मी बसतो. मग ती बाहेर येऊन मला बघते. परवा म्हणाली, "असे ताठ काय बसलात हो, पाहुण्यासारखे? राहत असल्यासारखे बसा."

त्या दिवशी बेल वाजवणारा पत्ता चुकलेला निघाला. बायकोनं त्याला तीन वेगवेगळे रस्ते समजावले आणि खुशीत चहा करून आणला. एक कप मला दिला आणि कधी नव्हे ती स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. "बाई आल्या तर दोघं दिसायला हवेत," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं स्वतःचा कप उचलला. टेबलावर त्याचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. ती सवयीनं फडकं आणायला अर्धी उठली. वर्तुळाकडे बघितलं. परत बसली.

"राहू दे," ती म्हणाली. "पुराव्याला होईल."